भात्यापासून सुपरचार्जरपर्यंत

(आकाशवाणीवरून दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)

पुण्याहून एसटीनं साताऱ्याला येताना खंबाटकीचा घाट लागला, की पूर्वी गाडीतली माणसं आपोआप गप्प व्हायची. गाडी पहिल्या गिअरमध्ये कण्हत वर चढायची. बॉनेटच्या फटीतून वाफ निघू लागायची. मग चालक कडेला गाडी उभी करायचा, इंजिन जरा निवू द्यायचा आणि फडक्यानं रेडिएटरचं झाकण जपून उघडून आत पाणी ओतायचा. तोवर प्रवासी खाली उतरून म्हणायचे, ‘गाडीला दम लागलाय.’

हे निदान अगदी शास्त्रशुद्ध होतं. इंजिन हवेवरच जगतं. एक लिटर पेट्रोल पूर्ण जाळायला साधारण नऊ ते दहा हजार लिटर हवा लागते. इंधन वाढवणं सोपं असतं, पण ते जाळायला पुरेशी हवा आत नेणं अवघड. पिस्टन खाली येताना जेवढी हवा ओढली जाईल तेवढीच साध्या इंजिनाला मिळते. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेचार हजार फुटांच्या आसपास आहे. तिथं हवा सुमारे बारा टक्क्यांनी विरळ असते, म्हणून साध्या इंजिनाची ताकदही जवळपास तेवढीच घटते. यावर उपाय एकच. हवा ओढली जाण्याची वाट न पाहता ती दाबून आत घालायची. हे काम जे यंत्र करतं त्याला सुपरचार्जर म्हणतात. पण दाबलेली हवा तापते, आणि ती निववली नाही तर मिळालेलं बळ इंजिनाच्याच मुळावर येतं.

सुपरचार्जर परदेशात जन्मला, हे खरंच. पण त्यामागची तीन कामं आपल्या सातारा-सांगलीच्या मातीत लोकांनी फार पूर्वी हाताखाली घातली होती. वारा घालणं, गरगर फिरणाऱ्या चक्रानं पदार्थ ढकलणं आणि तापलेलं यंत्र पाण्यानं निववणं, ही ती तीन कामं.

गावच्या लोहाराचं पाल आठवून पाहा. एका बाजूला भाता, मध्ये ऐरण आणि शेजारी पाण्याचं भांडं. भात्याचा वारा नसेल तर कोळसा नुसता धुमसतो, लोखंड लाल होत नाही. पण नुसता वाराही पुरत नाही. लाल झालेल्या पात्याला योग्य वेळी पाणी पाजावं लागतं, तरच धार टिकते. वारा आणि पाणी यांचा मेळ हेच त्याच्या धंद्याचं मर्म.

हाच मेळ पुढे कारखान्यात गेला. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या हद्दीत, कुंडल रोड स्टेशनाजवळच्या निवडुंग माजलेल्या माळावर कारखाना थाटला. जागा औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिली होती. आज किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात आहे, पण तेव्हा सांगली हा वेगळा जिल्हाच नव्हता. जुन्या साताऱ्याचा दक्षिण भाग १९४९ मध्ये वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. त्यामुळे यंत्रांच्या या इतिहासात दोन्ही जिल्ह्यांची वाटणी करता येत नाही.

लोखंडी नांगरानं जमिनीत विष भिनतं, असा समज त्या काळी होता. तो मोडून काढायला लक्ष्मणरावांना बरीच वर्षं झगडावं लागलं. पण शेतकऱ्याच्या मनाइतकाच अवघड प्रश्न ओतशाळेत होता. बिडाचं लोखंड वितळायला बाराशे अंशांच्या आसपास उष्णता लागते. उभ्या भट्टीत कोक आणि लोखंडाचे थर रचायचे आणि खालून जोराचा वारा सोडायचा. वारा कमी पडला तर रस पातळ होत नाही, साच्याच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचत नाही, आणि नांगराचा फाळ पहिल्याच ढेकळाला मोडतो.

गंमत अशी, की सुपरचार्जरचं मूळ याच ओतशाळेत सापडतं. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात रूट्स नावाचे दोन भाऊ लोकरीची गिरणी चालवत. पाण्याच्या जोरावर फिरणारं चाक सुधारताना त्यांनी एका पेटीत एकमेकांत गुंतून फिरणारे दोन पाकळ्यांचे रूळ बसवले. पाण्यासाठी केलेली ही रचना वारा फेकायला फार उत्तम निघाली. १८६० मध्ये त्यांनी तिचं पेटंट घेतलं आणि पुढे जगभरच्या ओतशाळांत रूट्सचे ब्लोअर भट्ट्यांना वारा घालू लागले. गॉटलीब डाइमलर यांनी १८८५ मध्ये इंजिनाला दाबानं हवा देण्याच्या कल्पनेचं पेटंट घेतलं. १९२१ मध्ये मर्सिडीजनं सुपरचार्जर बसवलेल्या गाड्या विक्रीसाठी पुढे आणल्या. त्यातला ब्लोअर रूट्सच्याच जातीचा होता. भट्टीला वारा घालणारं यंत्र मोटारीच्या बॉनेटखाली आलं, एवढाच काय तो फरक.

सुपरचार्जरची दुसरी जात पंपाची भावंडं आहे. किर्लोस्करवाडीत १९२६ मध्ये पाण्याचा सेंट्रिफ्यूगल पंप तयार झाला. त्याचं तत्त्व आपल्या गोफणीचंच. फिरणारं चक्र मध्यातून पाणी आत घेतं आणि वेगानं कडेला भिरकावतं. कडेच्या शंखाकृती घरात त्या वेगाचा दाब होतो आणि पाणी वर चढतं. पाण्याऐवजी हवा आणि मिनिटाला दीड हजार फेऱ्यांऐवजी काही दहा हजार फेऱ्या, एवढा बदल केला की तोच पंप सुपरचार्जर होतो.

इकडे साताऱ्याला धनजीशहा कूपर यांनी १९२२ मध्ये लोखंडी नांगरांचा कारखाना सुरू केला. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधानही होते. सातारारोडच्या त्यांच्या कारखान्यात १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला डिझेल इंजिन तयार झालं. देशात बनलेल्या अगदी पहिल्या डिझेल इंजिनांत त्याची गणना होते. पुढे सातारारोडचा कारखाना वालचंद समूहाकडे गेला. १९४६ मध्ये किर्लोस्करांनीही पुण्यात खडकीला ऑइल इंजिनांचा कारखाना उभा केला आणि कृष्णा-वारणाकाठच्या विहिरींवर मोटेच्या कुरकुरीऐवजी इंजिनाची ठकठक ऐकू येऊ लागली.

विहिरीवरच्या या इंजिनानं आपल्या शेतकऱ्याला निववण्याचं शास्त्र शिकवलं. अशा कित्येक इंजिनांना वेगळा रेडिएटर नसे. पंपानं उपसलेल्या पाण्यातलं थोडं पाणी नळीनं इंजिनाच्या अंगातून फिरवायचं आणि पुन्हा पाटात सोडायचं. त्या कोमट धारेवर हात ठेवून शेतकरी इंजिनाची तब्येत ओळखायचा. फूटव्हॉल्व्हमध्ये कचरा अडकून पाणी तुटलं आणि कुणाचं लक्ष नसलं, की काही मिनिटांत पिस्टन जाम व्हायचा. ऐन उन्हाळ्यात इंजिन आठवडाभर गावाबाहेर दुरुस्तीला गेलं, तर उसाचं उभं पीक वाळायचं. थंडावा तुटला की बळही तुटतं, हा धडा ज्यानं असा घेतला, तो कधी विसरला नाही.

मोटारींच्या दुनियेला हा धडा महागात पडला. १९२९-३० मध्ये इंग्लंडमध्ये टिम बर्किन या शर्यतपटूनं साडेचार लिटरच्या बेंटली गाडीला पुढच्या बाजूला मोठा सुपरचार्जर बसवून घेतला. गाडीचे निर्माते डब्ल्यू. ओ. बेंटली यांना ही कल्पना मुळीच पसंत नव्हती. ताकद हवी तर इंजिन मोठं करा, असं त्यांचं मत होतं. १९३० च्या ल मांसच्या चोवीस तासांच्या शर्यतीत सुपरचार्जरवाल्या बेंटली गाड्या शेवटपर्यंत पोहोचल्या नाहीत. जिंकली ती मोठ्या इंजिनाची, सुपरचार्जर नसलेली बेंटली.

ही उष्णता येते कुठून? सायकलला हवा भरताना पंपाचं खालचं टोक गरम लागतं, तो अनुभव सर्वांचा आहे. सांगलीच्या उन्हाळ्यात बाहेर ३५ अंशांची हवा आहे असं धरू. ती दीडपट दाबली तर सुपरचार्जरमधून बाहेर पडताना तिचं तापमान ९० अंशांच्या आसपास जातं. तापलेली हवा प्रसरण पावते. त्यामुळे दाब दीडपट झाला तरी सिलिंडरमध्ये प्रत्यक्षात सव्वापटच हवा मावते. तीच हवा वाटेत ५० अंशांपर्यंत निववली, तर ती सव्वापटीऐवजी जवळजवळ एक पूर्णांक चार पट मावते. म्हणजे नुसत्या थंडाव्यानं बळात भर पडते. शिवाय पेट्रोल इंजिनात ठिणगीनं पेटलेली ज्योत पोहोचण्याआधीच उरलेलं तापलेलं मिश्रण स्वतःच भडकतं. त्यालाच मेकॅनिक ‘नॉकिंग’ म्हणतात. ते तसंच चालू राहिलं तर पिस्टनला भोक पडतं.

याचं उत्तर विमानांनी शोधलं. दुसऱ्या महायुद्धात स्टॅन्ली हूकर यांच्या देखरेखीखाली रोल्स-रॉइसच्या मर्लिन इंजिनाला एकापुढे एक असे दोन सुपरचार्जर टप्पे जोडले गेले. दोनदा दाबलेली हवा फारच तापत असल्यानं ती निववायला मध्ये इंटरकूलर बसवला. त्यातलं पाणी इंजिनाच्या पाण्यात मिसळलं नाही. त्याला स्वतःचा पंप आणि स्वतःचा रेडिएटर दिला. असं इंजिन घेऊन १९४२ मध्ये स्पिटफायर विमानाचा नवा अवतार आला आणि विरळ हवेतल्या उंचीवरही तो शत्रूला तोंड देऊ लागला.

आजही गाडीला सुपरचार्जर बसवताना हाच क्रम पाळावा लागतो. सुपरचार्जर इंजिनाच्या क्रँकवरून पट्ट्यानं फिरतो. म्हणून आधी त्याला धरणारा भक्कम ब्रॅकेट हवा आणि दोन्ही पुल्या एका रेषेत हव्यात. केसाइतका वाकडेपणा राहिला तरी पट्टा उडतो. मग येतो इंटरकूलर. तो हवेनं निवणारा असेल तर गाडीच्या तोंडाशी, वारा थेट लागेल असा बसवतात. पाण्यानं निवणारा असेल तर त्याला मर्लिनप्रमाणे वेगळा फेरा लागतो: पुढं छोटा रेडिएटर, विजेवरचा छोटा पंप आणि स्वतंत्र पाणी. पुष्कळ हौशी मंडळी इथंच चुकतात आणि इंजिनाच्याच रेडिएटरमधलं पाणी इंटरकूलरला जोडतात. ते पाणी मुळातच ९० अंशांचं असतं. नव्वद अंशांची हवा नव्वद अंशांच्या पाण्यानं कशी निवणार? या फेऱ्यात हवेचा बुडबुडा अडकला तरी पाणी फिरत नाही, म्हणून भरताना हवा काढून टाकणं महत्त्वाचं. यानंतरच वाढलेल्या हवेला पुरेल एवढं इंधन आणि ठिणगीची नवी वेळ ठरवायची.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी झालेल्या गाडीच्या मूळ तपशिलात मनाला येईल तसा बदल करता येत नाही. त्यात हेतू केवळ कागदी नाही. गाडीचे ब्रेक, टायर आणि सांगाडा जुन्या ताकदीच्या मापानं घडवलेले असतात. घाट चढण्याचं बळ वाढवलं तरी उतरताना थांबण्याचं बळ वाढत नाही.

आता हे शास्त्र हौशी लोकांपुरतं उरलेलं नाही. पुण्यात जोडल्या गेलेल्या काही मर्सिडीज गाड्यांच्या पाठीवर ‘कॉम्प्रेसर’ ही अक्षरं असायची, ती सुपरचार्जरची खूण. ट्रक-बससाठी त्याचा भाऊ टर्बोचार्जर अधिक सोयीचा ठरला. तो पट्ट्याऐवजी धुराड्यातून वाया जाणाऱ्या गरम वायूवर फिरतो. स्विस अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं होतं. या शतकात धुराचे नियम कडक होत गेले तसे टर्बो आणि इंटरकूलर आपल्या मालमोटारींत सर्रास आले. सातारा जिल्ह्यातच, फलटणजवळच्या कमिन्सच्या कारखान्यांत आज तशी डिझेल इंजिनं तयार होतात. सातारारोडपासून हे अंतर फार नाही.

म्हणून खंबाटकीत आता गाड्या सहसा वाफ ओकत थांबत नाहीत. पण सातारा-सांगलीच्या गॅरेजमधून काम शिकणाऱ्या मुलांना माझं एक सांगणं आहे. कुणी गाडीची ताकद वाढवून मागायला आला, तर त्याला पहिला प्रश्न उष्णतेचा विचारा: ती कुठं जाणार आहे? विहिरीवरच्या कोमट धारेखाली हात धरणाऱ्या आपल्या आज्याला हा प्रश्न शिकवावा लागला नव्हता.