बाकी पाच

कानात इअरफोन, खिशात फोन आणि डोक्यात हजार भानगडी, तरी इथे आलात, बरं वाटलं. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा एपिसोड नेहमीसारखा लिहूनही देतोय.

आजची गोष्ट भागाकाराची आहे. थांबा, लगेच स्किप करू नका. सुरुवात पंगतीपासून करतो.

मी जुन्या जालन्याचा. कुंडलिका नदीच्या अलीकडे मस्तगड, गांधी चमन, शनी मंदिर आणि पलीकडे नवा जालना. आमच्या लहानपणाचा सगळा नकाशा एवढाच. सहावीत असताना शाळेचं स्नेहसंमेलन होतं. आम्ही त्याला गॅदरिंगच म्हणायचो. नाच झाला की सगळ्यांना जेवण. सरांनी मला काम दिलं पत्रावळ्यांचं. एकूण माणसं ४३०, एका गठ्ठ्यात २५ पत्रावळ्या. किती गठ्ठे आणायचे?

मी वहीवर रीतसर भागाकार मांडला. भागाकार १७, बाकी ५. सरांनी लाल पेनाने बरोबरची खूण केली. १७ गठ्ठे आले.

पंगत बसली आणि शेवटच्या रांगेत पाच पोरी पत्रावळीविना बसून राहिल्या. त्यातली एक माझी धाकटी बहीण. ती काही बोलली नाही, नुसती माझ्याकडे बघत बसली. आचारी मामा वरणाची बादली खाली ठेवून म्हणाले, "अरं पोरा, बाकीला पण भूक लागती की!"

गणित बरोबर होतं. खूण मिळाली होती. तरी पाच जणी उपाशी बसल्या होत्या. त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मागे लागला: आपण मुलांना भागाकार शिकवतो म्हणजे नक्की काय शिकवतो? आज त्याचाच इतिहास बघू.

लीलावती आणि बाजार

जालन्याहून छत्रपती संभाजीनगर, तिथून कन्नडचा घाट उतरलं की चाळीसगाव. त्याच्याजवळ पाटण, म्हणजे पाटणादेवीचा परिसर. इथे एक शिलालेख आहे, शके ११२८ चा. इसवी सनात १२०६-०७ च्या आसपासचा. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. त्यात सांगितलंय की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला. आजच्या भाषेत, गणिताची आणि ज्योतिषाची शाळा.

आता गंमत ऐका. शिलालेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे, आणि त्यात शाळेचा खर्च कसा भागायचा ते लिहिलंय. पाटणच्या बाजारात जो माल विकायला येईल, त्यावरच्या राजाच्या उत्पन्नातला वाटा मठाला. म्हणजे गणिताची शाळाच भागाकारावर चालत होती!

भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास 'लीलावती' लिहिली. तिची सुरुवात पाढ्यांनी होत नाही, नाण्यांनी होते. २० वराटकांची एक काकिणी, ४ काकिणींचा एक पण, १६ पणांचा एक द्रम्म. पुढे वजनं, मापं, अंतरं. आधी व्यवहारातलं जग, मग बेरीज-गुणाकार. पुढे त्रैराशिक येतं: एवढ्याला एवढं, तर तेवढ्याला किती? आमचे आचारी मामा "किलोभर तांदूळ दहा माणसांना" असं म्हणून ४३० माणसांसाठी ४३ किलो तांदूळ काढायचे, तेच हे त्रैराशिक. मामांनी लीलावतीचं नावही ऐकलं नसेल.

औटकी कुठे गेली?

घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना विचारा: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. हे सगळे अपूर्णांकांचे पाढे. पावकी म्हणजे पावाचा पाढा, दिडकी म्हणजे दीडचा, औटकी म्हणजे साडेतीनचा. "औट घटकेचं राज्य" म्हणतो ना आपण, त्यातलं औट हेच. साडेतीन घटका.

पंतोजींच्या शाळेत मुलं धुळपाटीवर अक्षरं गिरवायची आणि संध्याकाळी एका सुरात परवचा म्हणायची. आपल्याला वाटतं ही नुसती घोकंपट्टी. पण विचार करा: रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, मणाचे ४० शेर. साडेतीन आणे शेराचा भाव असेल तर ७ शेरांचे किती? औटकी पाठ असलेला पोरगा वाणी तोलत असतानाच सांगायचा: साडेचोवीस आणे, म्हणजे दीड रुपया आणि वर अर्धा आणा. पाठांतर व्यवहाराला जोडलेलं होतं.

आणि आमच्या जालन्यात तर आणखी एक भानगड. मराठवाडा निजामाच्या राज्यात. इथे चालायचा हाली सिक्का, आणि ब्रिटिश हिंदुस्थानात चालायचा कलदार रुपया. ७ हाली म्हणजे ६ कलदार. १९०० मध्ये मनमाडहून हैदराबादला जाणारी रेल्वे सुरू झाली आणि जालन्याचा बाजार थेट ब्रिटिश मुलखाला जोडला गेला. कापसाचे पैसे कलदारात, घरखर्च हालीत. १०० कलदारचे हाली किती? करून बघा, पॉज करा.

उत्तर: ११६ रुपये १० आणे ८ पै. साताने गुणा, सहाने भागा, उरलेल्या रुपयांचे आणे करा, उरलेल्या आण्यांच्या पै करा. लक्षात आलं का? या हिशोबात बाकी सोडून देता येत नव्हती. रुपयाची बाकी आण्यात उतरायची, आण्याची पैत. बाकी सोडली तर कोणीतरी फसलं म्हणून समजा.

मग १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं. १ एप्रिल १९५७ ला देशात दशमान नाणी आली, पाठोपाठ किलो आणि मीटर. हिशोब सोपे झाले, हे चांगलंच झालं. पावकी-औटकीचं काम संपलं आणि त्या गेल्या. पण त्यांच्यासोबत एक गोष्ट गुपचूप गेली: शाळेतला पाढा आणि बाजारातला भाव यांच्यातला धागा. पाढे राहिले, बाजार शाळेबाहेर गेला.

वर्ध्याची टकळी

हा धागा पुन्हा बांधायचा प्रयत्न झाला नाही असं नाही. अमेरिकेत १९१८ मध्ये विल्यम किलपॅट्रिक यांनी प्रकल्प पद्धत मांडली: मुलांनी मनापासून एखादं खरं काम हातात घ्यावं आणि त्यातून शिकावं. इकडे ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद झाली आणि नंतर डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने नयी तालीमचा आराखडा केला. टकळीवर सूत काततानाच तारा मोजायच्या, वेळ मोजायचा, सरासरी काढायची. हाताने केलेल्या कामातून गणित वर यायचं. याला समवाय म्हणत.

टीकाही झाली. प्रत्येक विषय एकाच हस्तोद्योगाला जोडायला गेलं की ओढाताण होते, आणि ती झाली. पण मूळ विचार काही खोटा नव्हता.

याला मोठा पुरावा ब्राझीलमधून आला. १९८५ मध्ये तिथल्या तीन संशोधकांनी रेसिफी शहरात रस्त्यावर नारळ-फळं विकणाऱ्या मुलांना त्यांच्याच गाड्यावर हिशोब विचारले. ९८ टक्के उत्तरं बरोबर. तेच आकडे नुसत्या उदाहरणांसारखे कागदावर मांडून विचारले, तर ३७ टक्के. मुलं तीच, डोकं तेच!

आणि उलटंही होतं. २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये कोलकाता आणि दिल्लीतल्या मुलांवरचा अभ्यास आला. बाजारात काम करणारी मुलं तोंडी हिशोबात पक्की, शाळेच्या उदाहरणांत अडखळणारी. आणि फक्त शाळेत जाणारी मुलं बाजारातल्या हिशोबात अडखळणारी. दोघांमध्ये पूल नाही. 'असर' अहवाल सांगतो की २०२२ मध्ये ग्रामीण भारतात पाचवीतल्या साधारण चार मुलांपैकी एकालाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता येत होतं.

माझी चूकही काही जगावेगळी नव्हती बरं का. अमेरिकेतल्या एका राष्ट्रीय चाचणीत प्रश्न होता: १,१२८ सैनिक, एका बसमध्ये ३६, तर बस किती? १३ वर्षांच्या मुलांपैकी २९ टक्क्यांनी उत्तर दिलं, "३१, बाकी १२". आता बाकी बारा नावाची बस कुठून आणायची?

गॅदरिंग हाच गणिताचा तास

आज मराठवाड्यात अनेक जिल्हा परिषद शाळांमध्ये बाल आनंद मेळावा किंवा आनंद नगरी भरते. मुलं भेळ, पाणीपुरी, ढोकळ्याचे स्टॉल लावतात. फोटो छान येतात. पण बऱ्याचदा हिशोब आई करते किंवा बाई करतात, आणि पोरं नुसती विकतात. तिथेच संधी जाते.

समजा, सहा जणांनी भेळेचा स्टॉल लावला. ६० प्लेट, साहित्याचा खर्च ५४० रुपये. एक प्लेट पडली ९ रुपयांना. विकायची १५ ला. विकल्या ५२. गल्ला ७८०. खर्च वजा जाता नफा २४०, सहा जणांत प्रत्येकी ४०. यात दोन वेगवेगळे भागाकार दडलेत. पैसे वाटले ती समान वाटणी: प्रत्येकाला किती? आणि पत्रावळ्या, बस, खुर्च्यांच्या रांगा म्हणजे समान गट: गट किती पडतील? कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. काम हातात असलं की फरक कळतो.

आणि सगळ्यात महत्त्वाची ती बाकी. तिच्या तीन वाटा आहेत. माणसं उरली तर गट एकाने वाढवायचा. अठरावा गठ्ठा आणायचाच. १० मीटर रिबिनीचे ३ मीटरचे तुकडे केले तर तुकडे तीनच, उरलेला मीटर बाजूला ठेवायचा. आणि रुपये उरले तर त्यांचे पैसे करून पुन्हा वाटायचे, हाली सिक्क्यासारखं. यातली कुठली वाट धरायची ते आकडा सांगत नाही. समोर काय आहे ते बघावं लागतं.

म्हणून तुमच्यापैकी कोणी शिक्षक असाल, कोणाची धाकटी भावंडं शाळेत असतील, तर यंदाच्या कार्यक्रमात मुलांना नाच द्याच, पण वहीसुद्धा द्या. चुकू द्या, फक्त जेवणाच्या आदल्या दिवशी चुकू द्या. सामान आणायच्या आधी एकच प्रश्न विचारा: "बाकी उरली ती कोण आहे?"

त्या दिवशी पुढे काय झालं? आचारी मामांनी स्वयंपाकाच्या पाच थाळ्या पुसून त्या पोरींना दिल्या. बहीण आता मोठी झालीये, तरी घरात लग्नकार्य निघालं आणि मी यादी करायला बसलो की ती मागून हळूच म्हणते, "दादा, बाकी बघ."

आणि मी बघतो. एक गठ्ठा जास्तच आणतो.

भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. तुमच्या आजीला औटकी येत असेल तर एकदा म्हणायला लावा, आणि फोनमध्ये रेकॉर्ड करून ठेवा. तोवर, राम राम!