शिंदे-वासुली, डाऊ आणि शेअरहोल्डरचा प्रश्न

परवा चाकणला जाताना भामचंद्रचा डोंगर दिसला. तुकोबा इथे ध्यानाला बसत, असं वारकरी मानतात. त्याच्याच परिसरात, शिंदे-वासुलीला, २००८ साली बराच राडा झाला होता. मी तेव्हा शाळेत होतो, डोक्यात 'डाऊ' एवढाच शब्द राहिला होता. या शनिवारी नीट वाचून काढलं.

डाऊ केमिकलला तिथे १०० एकरांवर संशोधन केंद्र काढायचं होतं. आत कुठली रसायनं येणार, सांडपाणी कुठे जाणार, हे कोणी सांगत नाही अशी गावकऱ्यांची तक्रार. जुलैत जाळपोळ झाली, बंडातात्या कराडकरांसह वारकरी उतरले, आणि केंद्र काही तिथे झालं नाही.

संशयाला कारण होतं. १९८४ च्या भोपाळवाली युनियन कार्बाइड डाऊने २००१ मध्ये विकत घेतली. पण १९८९ च्या ४७ कोटी डॉलरच्या तडजोडीत सगळं मिटलं, असं डाऊचं म्हणणं.

गंमत म्हणजे हाच प्रश्न तिकडे मिशिगनमध्ये, डाऊच्या वार्षिक सभेतही विचारला जात होता. विचारणारे होते पेन्शन फंड आणि धार्मिक संस्था! भोपाळचा आणि विषारी उत्पादनांचा धोका किती, ते लेखी सांगा, असे त्यांचे ठराव. तेव्हा अमेरिकेत २००० डॉलरचे शेअर्स वर्षभर बाळगले की ठराव मांडता यायचा. ठराव पडायचे, पण प्रश्न छापला जायचा आणि कंपनीही आपलं म्हणणं लेखी मांडायची.

आणखी एक. डाऊच्या मुंबईतल्या डीई-नोसिल कंपनीने कीटकनाशकांच्या नोंदणीसाठी इथल्या अधिकाऱ्यांना गैरमार्गाने पैसे दिल्याचं प्रकरण अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने काढलं. २००७ मध्ये डाऊने आरोप मान्य किंवा अमान्य न करता ३,२५,००० डॉलर दंड भरला. म्हणजे आपल्याकडची भानगड बाहेर आली ती तिथल्या गुंतवणूकदारांसाठी केलेल्या कायद्यामुळे.

आपल्याकडे काय? १९५६ च्या कंपनी कायद्यात १०० सभासद मिळून (एकूण लाखभराचे शेअर्स असले तर) ठराव पाठवू शकत. २०१३ च्या कायद्याने तिथे भांडवलाचा दहावा हिस्सा आणून ठेवला. म्हणजे तुम्ही-आम्ही बादच. सेबीने २०२२-२३ पासून मोठ्या १००० लिस्टेड कंपन्यांना पर्यावरणाबद्दलचा अहवाल सक्तीचा केला, हे चांगलंच. पण त्यातले प्रश्न सेबीचे, आपले नाहीत.

जाळपोळीचं समर्थन मी करत नाही. पण प्रश्न विचारायला सभागृह नसलं की माणसं रस्त्यावरच विचारतात. आपल्या एसआयपीतून आपणही कुठल्यातरी केमिकल कंपनीचे इवलेसे मालक असतो. फंडवाल्यांना एक मेल टाकून तर बघू, आपल्या वतीने मत कुठे दिलंत म्हणून. मी आजच टाकतोय.