रात्री अकरानंतर कोण ठरवणार?

इंग्लंडमधल्या एखाद्या गावात कुणी रात्री अकरानंतर गरम कबाब, तळलेले बटाटे किंवा नुसता वाफाळता चहा विकायचे ठरवले, तर त्याला पालिकेचा परवाना काढावा लागतो. तेच त्याने गार सँडविच विकले, तर परवान्याची गरज नाही. रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळात पदार्थ गरम आहे की गार, यावर कायदा अवलंबून राहतो. ऐकून हसू येते खरे, पण नियमाचे कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. गरम खाण्याच्या दुकानापाशी माणसे घोळक्याने थांबतात. थांबली की बोलतात, हसतात, कधी भांडतात. आणि दुकानाच्या वरच्या मजल्यावर कुणीतरी झोपायचा प्रयत्न करत असते.

दुकानदाराला धंदा हवा असतो, रात्रपाळीच्या माणसाला गरम घास हवा असतो, वरच्या बिऱ्हाडाला झोप हवी असते. तिघांचेही म्हणणे रास्त आहे. मग निवाडा कुणी करायचा? इंग्लंडच्या मद्यपरवान्यांचा इतिहास वाचताना दारू चांगली की वाईट या वादापेक्षा हाच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो. त्या देशाने साडेचारशे वर्षांत निवाड्याच्या खुर्चीवर निरनिराळी माणसे बसवून पाहिली.

पहिली व्यवस्था १५५२ सालची. सहाव्या एडवर्डच्या कारकिर्दीतल्या कायद्याने असे ठरवले, की एल नावाची बिअर विकणारे घर चालवायचे तर दोन जस्टिस ऑफ द पीस यांची परवानगी घ्यायची आणि आपल्या घरात दंगाधोपा, जुगार होऊ देणार नाही, असा जामीन लिहून द्यायचा. जस्टिस ऑफ द पीस म्हणजे आपल्याकडे ज्यांना 'जे. पी.' म्हणत ते. मुंबईत नाना शंकरशेटांसारख्या प्रतिष्ठितांना हा मान मिळाला होता. इंग्लंडात हे लोक बहुधा त्या मुलखातले जमीनदार असत. पगार नाही, कायद्याचे शिक्षण असलेच पाहिजे असे नाही. पण कुठला गुत्तेवाला कसा आहे, याची त्यांना माहिती असे. १७२९ पासून परवान्यांसाठी वर्षातून एकदा त्यांची खास बैठक भरू लागली. परवाना एका वर्षाचा. वर्षभर नीट वागलात तर पुढचे वर्ष तुमचे.

ही पद्धत स्थानिक होती, पण लोकांची नव्हती. निवाडा करणारा जमीनदार आणि गुत्त्यात बसणारा शेतमजूर यांच्यात मोठे अंतर होते. शिवाय परवाना कुणाला द्यायचा यात ओळखीपाळखी चालत, बड्या मद्यनिर्मात्यांचे वजन पडे, असे आरोप होऊ लागले. तेव्हा १८३० साली ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या सरकारने खुर्चीच काढून टाकली. घरपट्टीसारखा स्थानिक कर भरणाऱ्या कुठल्याही गृहस्थाने दोन गिनी भराव्यात आणि अबकारी खात्याकडून बिअर विकण्याचा परवाना न्यावा. जे. पीं.ना विचारायचे कारण नाही, शेजाऱ्याला तर नाहीच. मक्तेदारी मोडावी, बिअर स्वस्त व्हावी आणि लोकांनी जिनसारखी कडक दारू सोडावी, असा हेतू होता. काही महिन्यांत वीस हजारांहून अधिक नवी बिअरघरे उघडली. लोकांनी आपल्या राहत्या घराची पुढची खोली मोकळी केली आणि तिथे पिंप मांडले. तक्रारी इतक्या वाढल्या, की १८६९ साली ही घरेही पुन्हा जे. पीं.च्या ताब्यात द्यावी लागली.

मधल्या काळात, १८६० साली, अर्थमंत्री ग्लॅडस्टनने उपाहारगृहांचा कायदा आणला. जेवणाबरोबर थोडी वाइन मिळाली तर माणसे गुत्त्यापासून दूर राहतील, अशी त्याची अटकळ होती. त्याच कायद्याने रात्री उशिरापर्यंत उघड्या राहणाऱ्या खाण्याच्या जागांना परवाना लावला. आजच्या गरम-गार नियमाचे मूळ तिथे आहे. रात्रीचे खाणे आणि रात्रीचे पिणे या एकाच रस्त्यावरच्या गोष्टी आहेत, हे इंग्रजांच्या कायद्याला तेव्हापासून ठाऊक आहे.

परवाना देणाऱ्याचा अधिकार कुठवर जातो, याचा निर्णय एका लहानशा खोऱ्यातल्या खाणावळीवरून झाला. उत्तर इंग्लंडच्या सरोवरांच्या प्रदेशात केंटमियर नावाचे गाव आहे. तिथल्या गुत्त्याच्या परवान्याचे नूतनीकरण जे. पीं.नी नाकारले. मालकिणीची वागणूक वाईट होती, असे कुणी म्हटले नव्हते. जागा पोलिसांपासून फार दूर आहे आणि त्या भागाला गुत्त्याची गरज नाही, एवढेच कारण दिले. खटला हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. १८९१ साली निकाल लागला, की नूतनीकरण हा मालकाचा हक्क नाही. कारण पाहून नाकारण्याचा अधिकार परवाना देणाऱ्याला आहे. मात्र हा अधिकार मनमानीने वापरता येणार नाही, सारासार विचारानेच वापरावा लागेल.

पुढे पहिले महायुद्ध आले आणि खुर्चीवर थेट केंद्र सरकार बसले. दारूगोळ्याच्या कारखान्यांतले कामगार पिऊन गैरहजर राहतात, अशी ओरड होती. १९१५ साली नेमलेल्या नियंत्रण मंडळाने ठिकठिकाणी पिण्याच्या वेळा दुपारचे अडीच तास आणि संध्याकाळचे तीन तास एवढ्यावर आणल्या. युद्ध १९१८ साली संपले, पण दुपारची सक्तीची सुट्टी काही संपली नाही. इंग्लंडमधल्या पबना दुपारभर दार उघडे ठेवायची मुभा मिळाली ती १९८८ साली! तात्पुरता म्हणून आलेला नियम सत्तर वर्षांहून अधिक टिकला.

याच बेटावर लोकांना थेट मत विचारण्याचा प्रयोगही झाला. स्कॉटलंडसाठी १९१३ साली झालेल्या कायद्याने प्रभागातल्या मतदारांना परवाने आहेत तसे ठेवा, कमी करा किंवा बंद करा, असे तीन पर्याय दिले. पहिले मतदान १९२० साली झाले. बंदीसाठी झालेल्या मतांपैकी ५५ टक्के मते पुरेशी नव्हती; ती यादीतल्या एकूण मतदारांच्या निदान ३५ टक्के भरावी लागत. उत्तर टोकाला असलेले विक हे मासेमारीचे गाव १९२२ ते १९४७ अशी पंचवीस वर्षे कोरडे राहिले. वेल्समध्ये रविवारी पब बंद ठेवण्याचा कायदा १८८१ चा. १९६१ नंतर दर सात वर्षांनी तिथल्या जिल्ह्यांत त्यावर मतदान होऊ लागले. एकेक जिल्हा बाजू सोडत गेला. शेवटी ड्विवोर नावाचा एकच भाग उरला होता, तोही १९९६ साली उघडला.

आता आजच्या व्यवस्थेकडे येऊ. २००३ साली मंजूर झालेला परवाना कायदा इंग्लंड आणि वेल्समध्ये २४ नोव्हेंबर २००५ पासून लागू झाला. त्याआधी पब साधारणपणे अकराला बंद होत. सगळे गिऱ्हाईक एकाच वेळी रस्त्यावर, एकाच टॅक्सीसाठी आणि एकाच कबाबच्या दुकानापुढे. भांडणे तिथेच पेटत. वेळा वेगवेगळ्या केल्या तर ही गर्दी पांगेल, असे सरकारचे म्हणणे होते. वर्तमानपत्रांनी 'चोवीस तास दारू' म्हणून गहजब केला. प्रत्यक्षात चोवीस तास चालणारे पब फारच थोडे निघाले. पण ज्याची चर्चा कमी झाली, तो बदल मोठा होता. १५५२ पासून जे. पीं.कडे असलेला दारूचा परवाना स्थानिक पालिकेकडे आला. रात्रीच्या खाण्याचे आणि करमणुकीचे परवानेही त्याच छत्राखाली गेले.

पद्धत अशी आहे. अर्जदाराने दुकानाच्या दर्शनी भागात फिकट निळ्या कागदावर नोटीस अठ्ठावीस दिवस लावायची. त्या मुदतीत पोलीस, आरोग्य विभाग किंवा कुणीही रहिवासी लेखी हरकत घेऊ शकतो. हरकत आलीच नाही, तर पालिकेला परवाना द्यावाच लागतो. आली, तर तीन नगरसेवकांच्या समितीपुढे सुनावणी होते. विचार फक्त चार गोष्टींचा करायचा : गुन्हे रोखणे, लोकांची सुरक्षितता, सार्वजनिक उपद्रव टाळणे आणि मुलांचे संरक्षण. दारू पिणे पाप आहे किंवा शेजारच्या पबचा धंदा बुडेल, ही कारणे चालत नाहीत. समिती परवाना नाकारू शकते, वेळ कमी करू शकते, अटी घालू शकते. दारात माणूस ठेवा, रिकाम्या बाटल्या रात्री बाहेर ओतू नका, समोरचा रस्ता झाडून घ्या, अशा त्या अटी असतात. आणि परवाना दिल्यानंतर उपद्रव झाला, तर फेरविचाराची मागणी साधा रहिवासीही करू शकतो.

या पद्धतीच्या दोन बाजू दोन खटल्यांत दिसतात. लिव्हरपूलजवळच्या विरल भागात एका हॉटेलाला पालिकेने जादा वेळ दिला. परिसर जपणाऱ्या रहिवाशांच्या संस्थेने अपील केले आणि कनिष्ठ न्यायालयाने वेळ कमी केला. पण २००८ साली उच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. जादा वेळ सुरू असतानाही त्रास झाल्याचा पुरावा नव्हता, पोलिसांची हरकत नव्हती. होती ती केवळ भीती. भीतीवर परवाना कापता येत नाही, असे ठरले. उलट लंडनच्या सोहो भागात, बर्विक स्ट्रीटवरच्या एका पबचे गिऱ्हाईक पेले घेऊन शेजारच्या बोळात उभे राही आणि तिथले रहिवासी कावले होते. संध्याकाळी सहानंतर उघडे पेले बाहेर नेऊ द्यायचे नाहीत, अशी अट वेस्टमिन्स्टर पालिकेने घातली. मालक अपील न्यायालयापर्यंत गेला आणि २०११ साली हरला. पालिकेने सगळ्यांचे ऐकून, कारणे देऊन निर्णय घेतला असेल, तर तो चुकीचा आहे हे दाखवण्याचा भार अपील करणाऱ्यावर आहे, असे न्यायालयाने सांगितले.

दोन्ही निकाल एकत्र वाचले की रहिवाशासाठी त्यात एकच सांगणे आहे. नुसते गाऱ्हाणे नको. तारीख, वेळ, काय घडले, हे लिहून ठेवा. नोंद असेल तर तुमचा आवाज वरच्या न्यायालयापर्यंत टिकतो.

आपल्याकडे याच इंग्रजांनी वेगळीच व्यवस्था केली. मुंबई इलाख्याच्या १८७८ च्या अबकारी कायद्यात परवान्याची सूत्रे कलेक्टर आणि अबकारी खात्याच्या हाती होती आणि दारू हे महसुलाचे मोठे साधन होते. मायदेशात गावच्या जे. पीं.ना विचारणारे सरकार इथे गावाला विचारत नव्हते. हा दुटप्पीपणा दाखवायला काही इंग्रज खासदारच पुढे आले. विल्यम केन आणि सॅम्युएल स्मिथ यांनी १८८८ साली हिंदुस्थानातल्या मद्यपानाविरुद्ध संस्था काढली. दारूच्या दुकानाबाबत स्थानिकांचे मत घ्यावे, ही मागणी तेव्हापासूनची. १९०८ साली पुण्यात दारूच्या दुकानांपुढे स्वयंसेवक उभे राहिले, तेव्हा लोकमान्य टिळक त्यांच्या पाठीशी होते.

उत्तर मिळायला फार काळ गेला. महाराष्ट्रात गावातले वा प्रभागातले दुकान मतदानाने बंद करण्याची सोय झाली आणि मतपत्रिकेवर 'उभी बाटली' व 'आडवी बाटली' आली. कित्येक गावांतल्या बायकांनी रांगा लावून बाटली आडवी केली. आपल्या या मतदानात आणि विकच्या मतदानात नाते आहे. दोन्हीकडे प्रश्न 'चालू की बंद' असा आहे. इंग्लंडच्या पालिकेपुढचा प्रश्न त्याहून बारीक असतो : किती वाजेपर्यंत, किती आवाजात, कुणाच्या खिडकीखाली? मुंबईत २०२० च्या जानेवारीत काही भागांतली दुकाने व खाण्याच्या जागा रात्रभर उघडी ठेवायला मुभा मिळाली, बारच्या वेळा मात्र आहेत तशाच राहिल्या. तो निर्णय राज्य सरकारने घेतला.

रात्र शहरात आता वाढणारच आहे. रुग्णालये, कॉल सेंटर, रेल्वे, विमानतळ इथे काम करणाऱ्यांना मध्यरात्री गरम पोळीभाजी मिळाली पाहिजे आणि ती देणाऱ्याचे पोटही भरले पाहिजे. म्हणूनच सरसकट बंदी किंवा सरसकट मोकळीक यांपेक्षा सुनावणीची सोय अधिक कामाची वाटते. तिला खर्च फारसा नाही. दुकानाबाहेर एक कागद, अठ्ठावीस दिवसांची मुदत, कारणे लिहून निर्णय देणारे तीन लोकप्रतिनिधी आणि त्यांच्यापुढे बसून आपले म्हणणे मांडणारा वरच्या मजल्यावरचा माणूस. त्याला तिथे बसता यावे, यासाठी त्या देशाला साडेचारशे वर्षे लागली.