पैज, मोटार आणि लोहार

सन १९०३ च्या मे महिन्यांत सॅन फ्रान्सिस्को येथील एका क्लबांत मोटारीवरून वाद निघाला. मोटार हें श्रीमंतांचें खेळणें. तिनें सारी अमेरिका ओलांडणें अशक्य, असें बहुतेकांचें मत पडलें. व्हर्माँटचे डॉक्टर होरेशिओ नेल्सन जॅक्सन यांना तें पटलें नाहीं. तीन महिन्यांच्या आंत न्यू यॉर्क गांठण्याची त्यांनीं पन्नास डॉलरांची पैज मारली. गंमत ही कीं, त्या वेळीं त्यांच्यापाशीं मोटारच नव्हती!

चार दिवसांत त्यांनीं ३,००० डॉलरांना एक वापरलेली विंटन गाडी घेतली, स्यूअल क्रॉकर या तरुण यंत्रज्ञास सोबत घेतलें आणि २३ मे रोजीं प्रस्थान ठेवलें. या गाडीचे कारखानदार अलेक्झांडर विंटन यांचा हाच प्रयत्न १९०१ सालीं नेव्हाडाच्या वाळूंत फसला होता. म्हणून जॅक्सन यांनीं सरळ पूर्वेची वाट सोडून ओरेगॉनवरून उत्तरेचा वळसा घेतला.

वाळू टळली, पण संकटें टळलीं नाहींत. शहरांबाहेर पक्के रस्ते जवळजवळ नव्हतेच; होत्या त्या घोडागाड्यांच्या चाकोऱ्या. टायर फाटले व नवे मिळेनात, तेव्हां चाकांना दोरखंड गुंडाळले. बेअरिंग निकामी झालें, तेव्हां एका शेतकऱ्याच्या गवत कापण्याच्या यंत्रांतील गोळ्या काढून बसविल्या. एकदां तर एका घोडेस्वार गुराख्यानें दोर लावून गाडी ओढत नेली. आयडाहोमध्यें 'बड' नांवाचा कुत्रा तिसरा सोबती झाला. धुळीपासून डोळे वांचविण्यासाठीं त्यालाही चष्मा चढवावा लागला. पुढें वायोमिंगमध्यें इंजिनाचा दांडा मोडला आणि कारखान्यांतून सुटे भाग येईपर्यंत दिवस मोजीत बसण्याची पाळी आली.

या प्रवासाचें खरें मर्म येथेंच आहे. ज्या वाहनानें पुढें घोड्याला रस्त्यावरून हुसकून लावलें आणि आगगाडीचे उतारू पळविले, तें वाहन या वेळीं त्यांच्याच आधारावर तगलें. घोड्यांनीं तें ओढलें, गांवोगांवच्या लोहारांनीं त्याचे मोडके भाग सांधले, तारेनें कारखान्याला निरोप गेला आणि आगगाडीनें सुटें सामान आणून दिलें. जुन्याला हटविण्यास निघालेल्या नव्याला आरंभीं जुन्याचाच हात धरावा लागला.

२६ जुलै रोजीं पहाटे, ६३ दिवसांनीं, गाडी न्यू यॉर्कला पोंचली. जॅक्सन यांचा खर्च सुमारें ८,००० डॉलर झाला होता. पैजेचे पन्नास डॉलर मात्र त्यांनीं कधीं घेतलेच नाहींत. त्याच उन्हाळ्यांत पॅकार्ड व ओल्ड्समोबील या गाड्यांनींही खंड पार केला. मोटार चालते याविषयीं आतां शंका उरली नाहीं. उणीव होती ती रस्त्यांची. दोन्ही किनारे जोडणाऱ्या लिंकन महामार्गाची योजना जाहीर व्हावयास मात्र १९१३ साल उजाडलें.

जॅक्सन यांनीं ती गाडी १९४४ सालीं वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेस अर्पण केली. तिला वाटेंत हात देणाऱ्या बहुतेक लोहारांचीं व शेतकऱ्यांचीं नांवें कोणीं टिपून ठेवलीं नाहींत.