जखमेवरचे ऊन

आवणीच्या दिवसांत कासारसाईच्या भातखाचरांतून बाहेर पडणाऱ्यांच्या पायांना चिखल्या होतातच. ऊन पडले की त्या वाळवायच्या, हे कुणी पुस्तकातून शिकलेले नाही. ओले ते चिघळते, सुकले की बरे होते, असा साधा हिशेब.

स्वित्झर्लंडमधल्या समेदानचे शल्यविशारद डॉ. ऑस्कर बर्नहार्ड यांनीही १९०२ साली हाच हिशेब केला. एका रोग्याची पोटावरची शस्त्रक्रियेची जखम उसवली होती आणि काही केल्या भरत नव्हती. तिथले डोंगरी शेतकरी मांस उन्हात, कोरड्या हवेत टांगून टिकवतात. आपल्या कोकणात मासळी सुकवतात, तसेच. मेलेले मांस असे टिकते, तर जिवंत का टिकू नये? बर्नहार्डांनी जखम उघडी करून तिच्यावर ऊन घेतले. ती भरू लागली.

उपाय लागू पडला, पण कारण निव्वळ सुकण्याचे नव्हते. सूर्यप्रकाश जंतूंची वाढ रोखतो, हे इंग्लंडमध्ये डाउन्स आणि ब्लंट यांनी १८७७ मध्येच दाखवले होते. कोपनहेगनचे नील्स फिन्सेन त्वचेच्या क्षयावर कार्बन-आर्क दिव्याचा झोत टाकत, त्यासाठी त्यांना १९०३ चे नोबेल मिळाले. मला त्यांच्या यंत्रातली एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते: ते झोतातली उष्णता पाण्याने काढून घेत. गुण प्रकाशाचा, उबेचा नव्हे.

ही लाट आपल्याकडेही पोचली. क्रिकेटपटू जामसाहेब रणजितसिंहांनी फ्रान्सच्या डॉ. सैदमान यांच्या योजनेवरून जामनगरला सूर्याबरोबर फिरणारे सोलॅरियम उभारले, ते १९३३ च्या सुमारास. (१९५६ ते १९६० हे गाव आपल्याच मुंबई राज्यात होते.) पुढे प्रतिजैविके आली आणि सूर्यचिकित्सा मागे पडली.

ती परतली वेगळ्याच वाटेने. १९६७ साली बुडापेस्टच्या एंद्रे मेस्टर यांनी भादरलेल्या उंदरांवर मंद लेसर सोडला, तर तिथे केस लवकर उगवले. मग त्यांनी न भरणाऱ्या जखमांकडे मोर्चा वळवला. इथे जंतू मारायचे नसतात. लाल प्रकाशाने पेशींनाच चालना द्यायची असते. मात्र मात्रा वाढली की परिणाम उलटतो, आणि चाचण्यांचे निष्कर्षही अजून एकसारखे नाहीत.

तरीही मधुमेहाच्या जखमेला घरचा तापलेला बल्ब लावणारे आहेतच. बधिर पायाला चटका कळत नाही, आणि जुन्या जखमेशेजारी नवी होते. फिन्सेन झोत थंड करून घेत, तो कातडी भाजू नये म्हणूनच.