एका दिवसाचं बेट

आजचा विषय बेट आहे, असं जाहीर केल्यावर आम्हाला दोघा-तिघांनी विचारलं, "तासगावात बेट कुठून आणलंत?" प्रश्न बरोबर आहे. समुद्र आपल्यापासून घाटापलीकडे. आपल्याकडे द्राक्षं, बेदाणा, आणि पूर्व भागात पिढ्यानपिढ्या पाहिलेली पाण्याची वाट. पण आजच्या गोष्टीत जमीन कुणाची आणि वारस कोण, हा प्रश्न आहे. त्यात तासगावकर कच्चा नाही.

सुरुवात जरा लांबून करू. हल्ली आपल्या ओळखीतली मंडळी क्रूझला जातात, फोटो पाठवतात. निळं पाणी, पांढरी वाळू, आणि खाली लिहिलेलं असतं, 'कंपनीचं खासगी बेट'. हा प्रकार फार जुना नाही. नॉर्वेजियन कंपनीने १९७७ साली बहामातलं ग्रेट स्टिरप के हे बेट विकत घेतलं. क्रूझ कंपनीने बेट विकत घेण्याची ही पहिली घटना मानतात. हॉलंड अमेरिका लाइनने १९९६ मध्ये लिटल सॅन साल्वादोर घेतलं आणि त्याचं नाव बदलून 'हाफ मून के' केलं. डिस्नेने गोर्डा के घेऊन 'कास्टअवे के' केलं, तिथे १९९८ पासून जहाजं लागतात. बघा, बेट घेतलं की पहिलं काम नाव बदलायचं.

व्यवहार साधा आहे. जहाज सकाळी लागतं, संध्याकाळी निघतं. जेवण बहुतेक जहाजावरून उतरतं, खुर्ची कंपनीची, दुकानही बहुधा कंपनीच्याच परवानगीचं. प्रवाशाने खर्चलेला पैसा ज्या खिशातून निघाला, फिरून त्याच कंपनीच्या खिशात जातो.

हैतीतलं लाबादी हे ठिकाण तर बेटही नाही, भूशिर आहे. रॉयल कॅरिबियनने १९८६ पासून ते सरकारकडून भाड्याने घेतलं. चारी बाजूंनी पाणी नाही, म्हणून उरलेल्या बाजूला कुंपण घातलं. १२ जानेवारी २०१० ला हैतीत प्रचंड भूकंप झाला, लाखांवर माणसं गेली. त्यानंतर तीनच दिवसांनी लाबादीला कंपनीचं जहाज लागलं. कंपनीचं म्हणणं, आम्ही मदतीचं सामान आणलं, आणि इथल्या लोकांचा रोजगार यावरच आहे. टीका करणारे म्हणाले, मढं घरात असताना अंगणात मेजवानी कसली? दोन्ही बाजूंत तथ्य होतं. म्हणून तो प्रश्न आजही सुटत नाही.

आता आपल्याकडे येऊ. कंपनीच्या मालकीचं बेट आपल्याकडे नाही, पण एका दिवसाचं बेट आहे. घारापुरी. मुंबईच्या गेटवेहून बोटीने तासाभरावर. रायगड जिल्हा, उरण तालुका.

सांगलीहून रात्रीची महालक्ष्मी धरून आम्ही काही मंडळी तिकडे गेलो होतो. बोटीत बसताना लाइफ जॅकेट हातात दिलं. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि दहाहून जास्त माणसं गेली, हे प्रत्येकाच्या मनात होतं. आमच्यातल्या एका काकूंनी जॅकेटचे पट्टे दोनदा तपासले. कुणी हसलं नाही.

धक्क्यावर उतरलो. छोटी रेल्वे, मग पायऱ्या, दोन्ही बाजूंना दुकानं, माकडं. वर लेणं. सहाव्या शतकाच्या मध्याचं, शैव. सदाशिवाची ती तीन मुखांची मूर्ती १८ ते २० फुटांच्या आसपास आहे. तिच्यासमोर उभं राहिल्यावर आमच्यातले सगळ्यात बोलके गृहस्थही दहा मिनिटं गप्प होते.

हे कुणी कोरलं? बहुतेक अभ्यासक कलचुरी राजांकडे बोट दाखवतात. ऐहोळेच्या इ.स. ६३४ च्या शिलालेखात दुसऱ्या पुलकेशीने पश्चिम समुद्रातली पुरी जिंकल्याचा उल्लेख आहे. ती पुरी म्हणजे हीच, असं काहीजण मानतात, काहीजण मानत नाहीत. खात्रीने सांगणारा लेख मात्र लेण्यात नाही.

का नाही? इथेच आमच्या विषयाचं मर्म आहे. १५३४ च्या वसईच्या तहाने हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला. त्यांनी धक्क्याजवळचा दगडी हत्ती पाहून बेटाला 'एलिफंटा' म्हटलं. नाव बदललं! आणि दिओगो दो कौतो हा त्यांचाच इतिहासकार लिहून ठेवतो की, इथला एक कोरीव लेखाचा दगड काढून पोर्तुगालच्या राजाकडे पाठवला. तिथे तो कुणाला वाचता आला नाही. पुढे तो दगड हरवला. मंडळी, सातबाराच उचलून नेला म्हणा ना.

मग हत्तीची पाळी आली. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायचं ठरलं. उचलताना तो पडून फुटला. म्हणून तरी इथे राहिला! तुकडे मुंबईत नेले, १९१४ मध्ये पुन्हा जोडले, आणि आज तो भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. ज्याच्यावरून बेटाला नाव दिलं, तो बेटावर नाही.

१८७५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईत आला, तेव्हा त्याला मेजवानी दिली ती याच लेण्यात. दिवे लावून, टेबलं मांडून, सदाशिवाच्या साक्षीने. संध्याकाळ संपली, पाहुणे बोटीत बसून गेले. जहाज कंपन्यांचं खासगी बेट निघण्याआधी शंभर वर्षं हा नमुना आपल्याकडे तयार होता.

पण फरक आहे, आणि तो मोठा आहे. घारापुरीला गाव आहे. राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर, अशा तीन वस्त्या. ग्रामपंचायत आहे. धक्क्यावर पाहुण्याकडून कर घेते, मोजकाच, पण हक्काने. लेणं १९८७ पासून जागतिक वारसा आहे. जगाला ते ठाऊक झालं. शेजारच्या घरात काय चाललंय ते मात्र समोरच्या मुंबईलाही ठाऊक नव्हतं. समोर मुंबईचा झगमगाट, आणि इथे संध्याकाळी काही तास जनरेटर. समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. स्वातंत्र्याला ७० वर्षं होऊन गेल्यावर!

पायऱ्यांवर काकडी-कैरी विकणाऱ्या एका मावशींजवळ आम्ही बसलो. कुठून आलात विचारलं. तासगाव म्हटल्यावर म्हणाल्या, "द्राक्षंवाले होय!" आम्ही विचारलं, वीज आल्यावर काय बदललं? त्या म्हणाल्या, "पहिलं संध्याकाळ झाली की बेट तुमचं नसायचं, आमचंही नसायचं. आता रात्री तरी आमचं असतं." पर्यटकाला इथे रात्री राहता येत नाही. शेवटची बोट गेली की गाव आपापल्या घरात येतं.

परतीच्या बोटीत आम्हाला तासगाव आठवलं. १८४८ साली पटवर्धनांच्या तासगावच्या शाखेला वारस नाही, या कारणाने कंपनी सरकारने तासगाव खालसा केलं. कागद बदलला. पण परशुरामभाऊंनी उभारलेल्या गणपतीचा रथ थांबला नाही, कारण दोर ओढणारे हात इथलेच होते. मालक कागदावर ठरतो. गाव जागेवर राहणाऱ्यांनी टिकतं.

आणि जरा उलटं करून बघा. ऋषिपंचमीला हजारो माणसं आपल्याकडे एका दिवसासाठी येतात. गोपुर बघतात, रथाला हात लावतात, प्रसाद घेऊन संध्याकाळी जातात. त्या दिवशी बेट आपण असतो. त्या पाहुण्याने आपल्याबद्दल काय जाणून जावं असं आपल्याला वाटतं? तेवढंच दुसऱ्याच्या बेटावर गेल्यावर आपण जाणून घ्यावं.

म्हणून आमची विनंती एवढीच. क्रूझला जा, जरूर जा, कष्टाचा पैसा आहे तुमचा. पण उतराल तिथे एक विचारा: या जागेचं आधीचं नाव काय होतं, आणि ते नाव घेणारी माणसं आता कुठे आहेत? घारापुरीत याचं उत्तर देणारं माणूस पायरीवर बसलेलं सापडतं. काही बेटांवर ते कुंपणाच्या पलीकडे असतं. दिवस दोन्हीकडे सारखाच मजेत जातो, हेच अवघड आहे.

आता प्रश्न विचारा. मागच्या रांगेपासून सुरुवात करू.