हृदयविकाराचा वारसा आणि सायकल

वडिलांना वा सख्ख्या भावाला वयाच्या ५५ वर्षांपूर्वी, किंवा आईला वा सख्ख्या बहिणीला ६५ वर्षांपूर्वी हृदयविकार जडला असल्यास वैद्यकशास्त्रात तो अकाली हृद्रोगाचा कौटुंबिक इतिहास मानला जातो. अशा घरांत 'रक्तातच आहे, काय करणार?' असे म्हणण्याची प्रथा आहे. ती पूर्णतः खरी नाही.

'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'ने २०१६ मध्ये ५५ हजारांहून अधिक व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. धूम्रपान न करणे, स्थूलता टाळणे, नियमित व्यायाम आणि योग्य आहार यांपैकी किमान तीन गोष्टी पाळणाऱ्यांत, जनुकीय जोखीम मोठी असूनही, हृद्रोगाचे प्रमाण एखादीच गोष्ट पाळणाऱ्यांपेक्षा ४६ टक्क्यांनी कमी आढळले. पुढच्याच वर्षी ब्रिटनमधील अडीच लाखांहून अधिक लोकांच्या पाहणीत सायकलने कामावर जाणाऱ्यांतही हृदयविकार कमी दिसला. अर्थात अशा पाहण्यांतून संबंध दिसतो. सायकल हेच एकमेव कारण, असे त्यावरून म्हणता येत नाही.

सायकल चालवताना मांड्यांचे मोठे स्नायू सतत काम करतात, गुडघ्यांवर मात्र शरीराचा पूर्ण भार पडत नाही. नियमित सरावाने हृदय एका ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलू लागते. विश्रांतीच्या वेळची नाडी मंदावते, रक्तदाब व ट्रायग्लिसराइड्स उतरतात. जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सुचविला आहे. बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, ती मध्यम गती. कोल्हापुरात रंकाळ्याभोवतीच्या सपाट फेऱ्यांनी ती सहज साधते. पन्हाळ्याचा रस्ता वाघबीळपासून चढू लागतो. तो पहिल्या आठवड्याचा नव्हे.

तालमीच्या या शहरात कमावलेले शरीर म्हणजेच निरोगी हृदय, हा समज घट्ट आहे आणि धोका तिथेच आहे. कौटुंबिक हायपरकोलेस्टेरोलेमिया हा जनुकीय दोष साधारण अडीचशे माणसांत एकाला असतो. त्यात यकृत घातक एलडीएल कोलेस्टेरॉल रक्तातून पुरेसे उचलत नाही आणि व्यायामाने ते फारसे उतरत नाही. सायकलपटू सडपातळ दिसला तरी त्याच्या धमन्यांत थर साचत राहतो. येथे स्टॅटिनसारखी औषधे अपरिहार्य ठरतात. सायकल त्यांच्या जोडीला, त्यांच्या जागी नव्हे. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचा हिशेबही वेगळा ठेवावा लागतो.

दुसरा दोष हृदयाच्या स्नायूचा. एमवायबीपीसी३ या जनुकातील एक त्रुटी भारतीय उपखंडातील सुमारे चार टक्के लोकांत असल्याचे २००९ मध्ये उघड झाले. तिचा संबंध हृदयस्नायूच्या विकारांशी जोडला गेला आहे. घरात कोणी तरुणपणी अचानक दगावले असेल, तर शर्यतीसारख्या कष्टाच्या सायकलिंगपूर्वी ईसीजी व इकोकार्डिओग्राम करून घ्यावा. इतरांनी लिपिड तपासणी, रक्तदाब, साखर आणि आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन (ए) पाहावे. पेडल मारताना छातीत दाब, जबड्यात वा डाव्या हातात कळ, किंवा भोवळ आल्यास तेथेच उतरून रुग्णालय गाठावे. घरापर्यंत सायकल रेटत नेऊ नये.